वेंकोबाकाकांचे जव

त्या वर्षी मार्गळी महिन्यात आमच्या फ्रिजमध्ये दही कुठे ठेवायचं, हे वेंकोबाकाका ठरवत होते.

मधल्या कप्प्यात त्यांचे कॉफीचे दोन रिकामे डबे होते आणि डब्यांत ओल्या फडक्यात बांधलेलं जवाचं बियाणं होतं. काका सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला येत, शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढत, तो डब्यात खुपसून डोळे मिटून उभे राहत आणि मग माझ्या बायकोला, सरसूला, रागावत.

"दार कितीदां उघडलीस ग?"

"दूध काढायला होणा की नाही काका?"

"दूध बाहेर ठेव. हे बिचारे झोपूंलालेत. त्यांचा हिवाळा चालूं आहे."

तंजावुरात हिवाळा नसतो. मार्गळीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, पहाटे चार लोक कानाला मफलर गुंडाळतात, पण ती हौस असते. काकांच्या बियाण्याला मात्र खरी थंडी हवी होती. हिमाचलात त्यांचा एक जुना सहकारी आहे. त्याने पाठवलेले जव हिवाळी जातीचे होते. काही आठवडे गारठल्याशिवाय त्यांना कणीस येतच नाही. थंडी न लागणारे जवही असतात, ते पेरावेत, असं मी सुचवलं.

"ते सोपं," काका म्हणाले. "सोपं असलं की माणूस लक्ष देत नाही."

काकांचा स्वतःचा फ्रिज लहान आणि म्हातारा. म्हणून राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत पाच घरांमध्ये त्यांनी हा हिवाळा वाटून दिला होता. कोपऱ्यावरच्या घरी नव्या सुनेने डब्यातलं भिजवलेलं कडधान्य समजून त्याला फोडणी दिली आणि खोबरं पेरून सुंडल केलं. सगळ्यांनी खाल्लं. काका पुढे आठवडाभर त्या घरासमोरून जाताना छत्री आडवी धरत.

आमची मराठी अशीच आहे. तमिळच्या शेजारात राहून तिचा सूर तमिळ झाला आणि काही रूपं जुनीच राहून गेली; 'हवं'ला आम्ही 'होणा' म्हणतो. माझी नोकरीची नऊ वर्षं पुण्यात गेली, म्हणून मला हे असं लिहिता येतं. माझ्या मुलीला, रुक्कूला, मराठी सगळी समजते, पण ती उत्तर तमिळमध्ये देते. काका तिच्याशी मराठीत बोलतात, ती त्यांच्याशी तमिळमध्ये, आणि दोघांचं आजवर कधी अडलेलं नाही.

वेंकोबाकाका आमचे काका नव्हेत. शेजारी. त्यांच्या न्हाणीघराची आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एक, एवढंच नातं. वय बहात्तर. सरकारी मातीपरीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त. लग्न केलं नाही. म्हणजे झालं नाही. तरुणपणी कुंभकोणमला मुलगी पाहायला गेले होते. कॉफी येईपर्यंत त्यांनी अंगणातली चिमूटभर माती बोटांत चुरली, जिभेला लावली आणि मुलीच्या वडिलांना सांगितलं, "क्षार फार आहे. इथे काही टिकणार नाही." ते विहिरीजवळच्या लिंबाबद्दल बोलत होते. घरच्यांनी तो निकाल मुलीबद्दलचा धरला.

माणसांचे ते दोनच प्रकार मानतात. भात आणि जव. भात म्हणजे सतत पाण्यात पाय हवे असणारा, गर्दीत उभा राहणारा, कुणीतरी बांध घालून दिला तरच शहाणा. जव म्हणजे कोरड्यात, एकट्याने, तोंड मिटून वाढणारा. गल्लीत जव एकच होता. मी पहिल्यापासून भात.

"तूं भात आहेस रे रघू," ते म्हणत. "वाईट नव्हे. लोकांचं पोट भरतं. पण विचार करायचं काम तुझं नव्हे."

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. चित्तिरै महिन्यात, म्हणजे एप्रिलच्या शेवटी, रुक्कूचं लग्न ठरलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीचा बाप नांदीश्राद्ध करतो. नाव श्राद्ध असलं तरी ते आनंदाचं. घरातल्या तीन पिढ्यांच्या पितरांना लग्नाला बोलवायचं. एरवीच्या श्राद्धाला तीळ लागतात, नांदीला त्याऐवजी जव. पण हा भाताचा मुलूख. आमच्याकडचे भटजी तांदळाचे दाणे टाकतात, तोंडाने 'यव' म्हणतात आणि पितरांनी अजून तक्रार केलेली नाही.

काकांची तक्रार होती. "तिळाला पितर तोंड पाडून येतात. जवाला हसत येतात. तूं तांदूळ टाकलास की ते दारातच उभे. लग्नाला बोलावलंय की बाराव्याला, त्यांना कळत नाही."

"बाजारात मिळतात की जव," मी म्हणालो.

"बाजारचे जव बाजारच्या पितरांना. रुक्कूचे पितर कावेरीचं पाणी प्यालेले. त्यांना ह्या मातीतले होणा."

तेव्हा पैज म्हणा, हट्ट म्हणा, तो एवढाच होता: रुक्कूच्या नांदीला तंजावूरच्या मातीतले जव तयार असले पाहिजेत. मी हसलो होतो. पुढे मी जे केलं, त्याच्या मानाने हसणं काहीच नव्हे.

तिरुवैयारूच्या रस्त्याला आमचं वडिलोपार्जित थोडं शेत आहे. ते मुरुगेसन कसतो. भात निघाल्यावर त्याने एका कोपऱ्यात चार खाटा मावतील एवढी जागा काकांना दिली. तै महिन्यात, म्हणजे जानेवारीच्या मध्यानंतर, हिवाळा भोगलेलं बियाणं फ्रिजांतून बाहेर पडलं आणि काकांनी ते एकेक करून, पट्टी लावून, मातीत ठेवलं. पेरलं म्हणवत नाही. रोज सकाळी गावाबाहेर जाणाऱ्या मोफसल बसने काका शेतावर जात. परत आल्यावर गल्लीत कुणी "काका, बरे आहांत?" विचारलं, तर "सव्वीस" असं उत्तर मिळे. ते जमिनीचं तापमान असे.

कोंब आले, तेव्हा मुरुगेसन उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने तमिळमध्ये अगदी आदराने विचारलं, "ऐया, हे पीक आहे की तण?"

"तुझ्या भाताचा थोरला भाऊ," काका म्हणाले. "नमस्कार कर."

त्याने केला.

तिकडे उत्तरेत वसंत असतो म्हणतात, फुलं, मंद वारा वगैरे. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमधला मासी महिना असतो. तै सरता सरता अवेळी पाऊस येऊन गेला आणि निम्मी रोपं पिवळी पडली. मग मासी लागली आणि ऊन असं उतरलं की जणू चित्तिरै रस्ता चुकून आधी आली. हिवाळी जातीच्या जवांना हे सगळं नवीन होतं. काकांनी काळी छत्री घेतली आणि रोज दहा ते चार ती धरून उभे राहू लागले. छत्री जवांवर, काका उन्हात. बसमधले लोक वाकून बघत. एकदा एक भाविक उतरून आला आणि इथे कुठला देव आहे, म्हणून विचारू लागला. काकांनी त्याच्याच हातात छत्री दिली आणि स्वतः डबा खाऊन घेतला.

मग मोर आले. मुरुगेसन दगड मारायला तयार होईना.

"देवाचं वाहन आहे, ऐया."

"वाहन आहे तर चालूं दे. इथे पार्क कां करूंलालंय?"

शेवटी काकांनी तोडगा काढला. शेताच्या दुसऱ्या टोकाला रोज मूठभर शिजवलेला भात टाकायचा. मोरांना फरक कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आधी तीन मोर होते. आठवड्याने अकरा झाले. भात खाऊन ते तोंड बदलायला जवांकडे येत.

तरीही पंगुनीच्या सुरुवातीला, मार्चच्या मध्यात, त्या चार खाटांतून कणसं बाहेर पडली. लांब मिशांची, हिरवी, वाऱ्यावर एका बाजूला झुलणारी. त्या दिवशी काकांनी फक्त रुक्कूला फोन लावला. ती कोइंबतूरला नोकरी करते. "मिशी आली," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आणि आता माझं पाप.

कणसं भरू लागली तेव्हा काकांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. तिरुचीला चार दिवस. जाताना त्यांनी जव माझ्या ताब्यात दिले आणि एक कागद दिला. काकांना नागरी येत नाही, म्हणून मराठीच, पण तमिळ लिपीत:

एक, मोर हाकलणे. दोन, छत्री दहा ते चार. तीन, पाणी नाही. चार, जमीन फाटलेली दिसेल, तरी पाणी नाही. पाच, रघू, पाणी नाही.

तिसऱ्या दिवशी जमीन फाटलेली दिसली.

मी खरंच सांगतो, मी एक तासभर स्वतःला आवरलं. पण आमच्या या मुलखात फाटलेली जमीन म्हणजे घरात तान्हं मूल भुकेने रडत असल्यासारखं असतं. माझे आजोबा, पणजोबा, सगळ्यांनी आयुष्यभर एकच काम केलं: भेग दिसली की पाणी सोडलं. त्या कागदाच्या विरुद्ध माझ्या अंगातल्या चार पिढ्या उभ्या राहिल्या. मी मुरुगेसनच्या बोअरची मोटर लावली. पाचच मिनिटं, असं म्हणून.

तेवढ्यात लग्नाच्या आचाऱ्याचा फोन आला. पायसम एक करायचं की दोन? मी नारळाच्या सावलीत गेलो. एकावरून दोनावर, दोनावरून आवियलच्या भाज्यांवर, तिथून केळीच्या पानांच्या आकारावर असं बोलणं गेलं. परत आलो तेव्हा जव घोटाभर पाण्यात उभे होते, अगदी भातासारखे. मला क्षणभर तर बरंच वाटलं, हे लपवत नाही.

संध्याकाळी वारा सुटला. मऊ झालेल्या जमिनीत मुळांना धरायला काही राहिलं नव्हतं. सकाळी पाहिलं तर सगळं पीक आडवं. पंगत झाल्यावर चटईवर लवंडलेल्या पाहुण्यांसारखं, एकाच्या अंगावर दुसरा.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मी पावसाचं नाव सांगायचं ठरवलं. शेताच्या कडेला काकांनी पाऊस मोजायचं काचेचं नळकांडं उभं केलं होतं. ते कोरडं. मी घाबरत घाबरत त्यात बोअरचं पाणी ओतलं. घाईत जरा जास्त गेलं. नंतर काकांची पावसाची वही बघितली तेव्हा कळलं की मी पाडलेला पाऊस तैमधल्या त्या सगळ्या अवेळी पावसाच्या दुप्पट होता.

काका काळा चष्मा लावून आले. बांधावर उभे राहून त्यांनी आडव्या जवांकडे पाहिलं. मग वाकून नळकांडं उचललं, उजेडाकडे धरलं, पुष्कळ वेळ धरलं आणि वहीत आकडा लिहिला.

"पाऊस," मी म्हणालो.

"हूं. मुरुगेसनच्या वैरणीवर थेंब नाही."

"कधी कधी तुकड्यातुकड्यानं पडतो ना, काका."

"पडतो," काका म्हणाले. "छत्रीएवढ्या जागेत पडल्याचंही ऐकलंय."

त्यांनी दुसऱ्या दिवशी सरसूकडून एक जुनं नऊवारी लुगडं मागून नेलं, काठाच्या पट्ट्या फाडल्या, बांबूच्या काड्या रोवल्या आणि एकेक रोप उचलून काडीला बांधलं. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली की थांबत, थेंब घालून पुन्हा बांधत. मुरुगेसन म्हणाला की असा हाडवैद्याचा दवाखाना त्याने पूर्वी पाहिला नव्हता. मीही बांधत होतो. तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा "काका, इडली आणलीय" असं बाहेर पडलं. दुसऱ्यांदा "डोळा कसा आहे?" तिसऱ्यांदा मी पुढची काडी उचलली आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन किलोभर जव विकत आणले.

"असूं देत," म्हणून मी पिशवी पुढे केली. "कमी पडले तर."

काकांनी चार दाणे तळहातावर घेतले. पांढरे, गोल, गुळगुळीत. "हे सोललेले. आजाऱ्यांचे. ह्याने तुझ्या पितरांना लघवी साफ होईल, बाकी कांही नाही."

पंगुनीच्या अखेरीस कापणी झाली. कापणी म्हणजे काका कात्रीने एकेक कणीस कापत आणि मी उशीचा अभ्रा उघडा धरत असे. बरीचशी कणसं पोचट निघाली. घरी आणून अभ्र्यावर लाटणं चालवलं, सुपात घोळलं, फुंकलं. शेवटी जे उरलं, ते कॉफीच्या एका टंबलरमध्ये मावलं आणि वर बोटभर जागा शिल्लक राहिली.

"पोदुम," काका म्हणाले. पुरे.

नांदीच्या आदल्या संध्याकाळी आमचे भटजी सामानाची यादी तपासायला आले. वयाने माझ्याएवढेच आहेत, लहानपणी आम्ही एकत्र गोट्या खेळलो आहोत. टंबलरातले टोकदार, कुसांचे तुकडे चिकटलेले दाणे बघून त्यांना हसू आवरेना.

"म्हणजे म्हाताऱ्याने खरंच पिकवले?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्याचमुळे की. कार्तिकात साखरपुडा झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात. म्हणाले, रुक्कूच्या लग्नात माझं काम काय? मी म्हटलं, मामाचं काम आहे, आत्याचं आहे, काकाचंसुद्धा आहे, पण तो सख्खा काका. शास्त्रात शेजारी नाही. तर म्हणाले, नीट बघा. अहो, पोथी काढायला लावली मला. तासभर बसले. मग विचारतात, ह्यातली कुठली वस्तू तुम्हांला मिळत नाही? म्हटलं, जव मिळत नाहीत, आम्ही तांदूळ घालतो. सरि, बरं, म्हणाले, आणि चप्पल घालून निघून गेले."

भटजी यादीत पुढे गेले. केळी, सुपाऱ्या, नारळ. मी ऐकत नव्हतो. सरसू शाळेत शिकवायला जायची आणि मी ऑफिसात, तेव्हा रुक्कूला शाळेतून सायकलच्या दांड्यावर कोण आणायचं? ताकभात कोण भरवायचं, अभ्यास कोण घ्यायचं? गोवर निघाला तेव्हा दर दोन तासांनी कुणाचा थर्मामीटर तिच्या काखेत असायचा? ती बारावीला गेल्यावर आम्ही दुसरी शिकवणी लावली आणि काकांना आता यायची गरज नाही, असं मीच सांगितलं होतं. चांगल्या शब्दांत सांगितलं होतं. आभार मात्र मानले नव्हते. आणि लग्नाच्या कामांची जी यादी मी स्वतःच्या हाताने केली होती, तीन पानं, तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. मुरुगेसनचं होतं.

नांदीला पितरांच्या आणि देवांच्या जागी ब्राह्मण बसवून जेवू घालतात. देवांच्या जागेवर दोघे बसायचे होते. जव आधी त्यांच्या मानाचे, मग पितरांच्या. सकाळी नऊला एकाचा फोन आला, पापनाशमजवळ बस बंद पडली आहे, पोचणं शक्य नाही. भटजी मोबाइलवर दुसरा माणूस शोधू लागले. मुहूर्ताचे दिवस, सगळेच कुठे ना कुठे जेवायला बसलेले. काका टंबलर दोन्ही हातांत धरून दाराशी उभे होते. जव दिले की त्यांचं काम संपणार होतं, पण भटजी फोनवर असल्यामुळे ते घ्यायला कुणी नव्हतं.

"काका बसतील," मी म्हणालो.

भटजींनी फोनवर हात ठेवला. "वेंकोबाराव एकटे आहेत. तिथे गृहस्थ लागतो."

"रुक्कूला त्यांनी वाढवलंय. ह्याहून गृहस्थ मला ठाऊक नाही."

मी आवाज चढवला असावा, कारण आतल्या बायका गप्प झाल्या. भटजींनी माझ्याकडे पाहिलं, मग टंबलराकडे. गोट्यांच्या काळापासून ते मला ओळखतात. मी कधीच आवाज चढवत नाही. "बसवा," ते म्हणाले. "शास्त्र मी बघून घेतो."

काकांनी टंबलर भटजींच्या हातात दिला, चष्मा काढून खिशात ठेवला, परत लावला आणि पाटावर बसले. रीतीप्रमाणे मी त्यांच्यापुढे बसून तांब्याने पाय धुऊ लागलो. टाचांच्या भेगांत शेतातली माती अजून होती. भटजी मंत्र मोठ्याने म्हणत होते, म्हणून मला धीर आला.

"काका, पाऊस पडला नव्हता."

"माहीत आहे."

"मीच पाणी—"

"मापाच्या तळाला पांढरा थर बसला होता रे. पावसाच्या पाण्यात क्षार नसतो. बोअरचं होतं." त्यांनी पाय जरा पुढे केला. "चाळीस वर्षं तेंच काम केलं मी."

"मग बोलला कां नाही?"

"तुझ्या घरचं लग्न. तूं आधीच घाबरलेला. ओत, टांच राहिली."

मी टाच धुतली. पंच्याने पाय पुसताना ते अजिबात हलले नाहीत. एखादा महत्त्वाचा नमुना कुणी तपासत असावं, तसे मान खाली घालून बघत राहिले.

मग पानं मांडली. भटजींनी जवाचे दाणे देवांच्या आणि पितरांच्या नावाने टाकले, खरे जव, आणि त्या दिवशी 'यव' म्हणताना त्यांचा आवाज जरा वेगळा लागला. सरसूने आणि रुक्कूने वाढलं. जेवणं होत आली. अशा वेळी यजमान हात जोडून विचारतो, "संपन्नम्?" बसलेल्यांनी म्हणायचं, "सुसंपन्नम्." ते म्हटलं की उठायचं, बसलेल्यांचं काम संपलं. मी विचारलं. बाकीच्यांनी उत्तर दिलं आणि सगळे काकांकडे पाहू लागले.

"रसम आहे?" काका म्हणाले.

रुक्कूने रसम वाढलं. त्यांनी सावकाश खाल्लं. मी पुन्हा विचारलं.

"पायसम थोडं."

एरवी दोन घासांत ताट बाजूला सारणारा माणूस. पायसम झालं, मग भात मागितला. मग लोणचं, मग भात उरला म्हणून ताक, ताक उरलं म्हणून भात. भटजी घड्याळ बघत होते आणि मला खूण करत होते, विचारा, विचारा, उत्तर घ्या, उठवा. काका पाठ ताठ ठेवून, पानाकडे नजर लावून, एकेक शीत वेचून खात होते. रुक्कू त्यांच्यासमोर भांडं घेऊन ओणवी उभी होती आणि तमिळमध्ये विचारत होती, आणखी वाढू?

मी हात सोडले, उठलो आणि सरसूला सांगितलं, अजून एक वाटी तांदूळ टाक.